चेंबर्समधील प्युपिलेज

इंग्लंड आणि वेल्समध्ये बॅरिस्टर म्हणून वकिली सुरू करण्यापूर्वी अनुभवी बॅरिस्टरच्या हाताखाली करावी लागणारी, साधारणतः १२ महिन्यांची उमेदवारी म्हणजे प्युपिलेज. पदवी शिक्षण आणि बारचा व्यावसायिक अभ्यासक्रम यांनंतरचा हा अखेरचा टप्पा होय. लिंकन्स इन, इनर टेंपल, मिडल टेंपल आणि ग्रेज इन या लंडनमधील चार संस्थांपैकी एकीकडून उमेदवाराला ‘बॅरिस्टर’ हे पद बहुधा आधीच मिळालेले असते. मात्र केवळ त्या पदाच्या बळावर त्याला अशिलाच्या वतीने न्यायालयात उभे राहता येत नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९२२ मध्ये ग्रेज इनमधून बॅरिस्टर झाले, तेव्हा प्युपिलेजची सक्ती नव्हती.

चेंबर्स म्हणजे बॅरिस्टरांचे सामाईक कार्यालय; ती वकिलांची कंपनी नव्हे. तेथील प्रत्येक बॅरिस्टर स्वतःच्या नावावर व स्वतःच्या जबाबदारीवर काम करतो. जागा, लेखनिक आणि खर्च तेवढे सामाईक असतात. त्यामुळे शिकाऊ बॅरिस्टरला नोकरीतल्यासारखा साहेब नसतो, तर नेमून दिलेला पर्यवेक्षक असतो आणि वर्षभरात तो बहुधा दोन-तीनदा बदलतो. एकाच माणसाच्या सवयी अंगवळणी पडू नयेत, यासाठी हा बदल मोलाचा ठरतो.

पहिल्या सहामाहीत, जिला व्यवसायात ‘फर्स्ट सिक्स’ म्हणतात, उमेदवार स्वतः वकीलपत्र घेत नाही. तो पर्यवेक्षकाच्या मागच्या बाकावर बसून साक्षी-उलटतपासण्या शब्दशः टिपून घेतो, सॉलिसिटर (अशिलाचे काम आधी हाती घेऊन ते बॅरिस्टरकडे सोपवणारा वकील) व अशील यांच्याबरोबरच्या बैठकींना हजर राहतो, निवाडे शोधतो आणि पर्यवेक्षकाकडे आलेल्याच प्रकरणावर आपला वेगळा सल्ला किंवा कैफियत लिहितो. खरे शिक्षण या शेवटच्या कामात आहे. १२ पानांचा मसुदा पर्यवेक्षकासमोर ठेवावा, त्याने त्यातला मूळ मुद्दा नवव्या पानावर सापडल्याचे दाखवून द्यावे आणि दुसऱ्या दिवशी तोच सल्ला चार पानांत पुन्हा लिहावा, अशा फेऱ्यांतून पुस्तकी ज्ञान अशिलाच्या उपयोगी पडू लागते.

‘सेकंड सिक्स’साठी, म्हणजे दुसऱ्या सहामाहीसाठी, बॅरिस्टरांचे नियमन करणाऱ्या बार स्टँडर्ड्स बोर्डाकडून तात्पुरती सनद मिळते आणि उमेदवार पर्यवेक्षकाच्या परवानगीने स्वतःची कामे घेऊ लागतो. फौजदारी चेंबर्समध्ये जामीनअर्ज व मॅजिस्ट्रेटपुढील सुनावण्या, तर दिवाणीकडे काउंटी कोर्टातील लहान रकमांचे दावे ही सुरुवातीची नेहमीची कामे होत. कामाचे वाटप क्लार्क करतो. हा कारकून नव्हे, तर चेंबर्सचा सगळा व्यवहार सांभाळणारा माणूस असतो. गुलाबी फितीने बांधण्याची परंपरा असलेले ब्रीफ, म्हणजे प्रकरणाची कागदपत्रे, संध्याकाळी हाती पडावे आणि सकाळच्या गाडीने परगावी जाऊन, अशिलाला पहिल्यांदा न्यायालयाच्या बाहेरच भेटून दहा वाजता उभे राहावे लागावे, हे या काळात सर्रास घडते. व्यापारी किंवा करविषयक चेंबर्समध्ये मात्र दुसरी सहामाहीही बहुतांशी मसुदे लिहिण्यातच जाते.

पैशाच्या बाबतीत ही प्रथा पूर्ण उलटली आहे. पूर्वी शिष्यच गुरूला शुल्क देई आणि १०० गिनी (गिनी म्हणजे पौंडाहून किंचित मोठे जुने ब्रिटिश चलन) हा रूढ दर होता. २००३ पासून चेंबर्सने उमेदवाराला किमान रक्कम देणे बंधनकारक झाले. आता ती जगण्यापुरत्या वेतनाच्या स्वतंत्र निर्देशांकाशी जोडलेली आहे. घरची सुबत्ता नसलेल्यांना या व्यवसायाचे दार त्यामुळे थोडे तरी उघडले, म्हणून प्युपिलेजच्या इतिहासातील हा सर्वांत महत्त्वाचा बदल मानावा लागेल. नामांकित व्यापारी चेंबर्स किमान रकमेच्या कितीतरी पट देतात, तर सरकारी विधिसाहाय्यावर चालणाऱ्या फौजदारी व कौटुंबिक चेंबर्सना तेवढे देणे परवडत नाही. ही दरी कायम आहे.

उमेदवाराचे मूल्यमापन वर्षभर चालते. लेखी कामाचे नमुने आणि अभिरूप युक्तिवाद यांवर अभिप्राय नोंदले जातात आणि अखेरीस चेंबर्समध्ये कायमची जागा, म्हणजे ‘टेनन्सी’, द्यायची की नाही हे सदस्य ठरवतात. नकार मिळाला तरी प्युपिलेज यशस्वीपणे पूर्ण केलेल्याला पूर्ण सनद मिळते; असे अनेक जण दुसऱ्या चेंबर्समध्ये ‘थर्ड सिक्स’, म्हणजे आणखी सहा महिन्यांची उमेदवारी, करून तेथे पुन्हा टेनन्सीसाठी प्रयत्न करतात.