यशयाच्या पुस्तकाचे तुकडे किती?

हिब्रू बायबल म्हणजे ज्यूंचा धर्मग्रंथ, त्यातलं यशयाचं पुस्तक 66 अध्यायांचं, आणि त्यात एक गोची आहे जी एकदा दिसली की डोक्यातून जातच नाही. यशया संदेष्टा इसवीसनापूर्वी आठव्या शतकात यरुशलेममधे होऊन गेला, अश्शूरी (असिरियन) साम्राज्याच्या फौजांची दहशत होती तो काळ. पण 40व्या अध्यायापासून सीनच बदलतो, अश्शूर मागे पडतं, यरुशलेमचे लोक बाबेलात (बॅबिलोनमधे) बंदिवान आहेत, यशयाचं नाव परत येत नाही, आणि 44-45 मधे तर पर्शियाचा राजा कोरेश (सायरस) चक्क नावानिशी हजर! त्याने बाबेल घेतलं इसपू 539 ला, म्हणजे मधे दीडशेच्या आसपास वर्षं गेली.

श्रद्धावान म्हणतात ही भविष्यवाणी. बहुतेक अभ्यासक म्हणतात लेखक वेगळे. 12व्या शतकात अब्राहम इब्न एझरा या ज्यू भाष्यकाराने तसं आडून सुचवलं होतं, आणि 1892 मधे बर्नहार्ड डूम या जर्मन अभ्यासकाने सरळ तीन भाग पाडले: 1 ते 39, 40 ते 55, 56 ते 66. मग काय, पुढची कित्येक दशकं कात्रीच चालली.

मला मात्र उलटा प्रश्न जास्त भारी वाटतो, लेखक वेगळे धरले तरी हे सगळं एकत्र का नांदतं? ‘इस्राएलाचा पवित्र’ ही देवाची पदवी यात पंचवीसेक वेळा येते, 39च्या अलीकडे-पलीकडे साधारण निम्मी-निम्मी, आणि बाकीच्या अख्ख्या हिब्रू बायबलमधे बोटावर मोजण्याइतकी. पहिला अध्याय संपतो तो विझवायला कोणी नसलेल्या आगीवर, 66वा न विझणाऱ्या आगीवर, हिब्रूत धातूसुद्धा तोच. आणि विचार बघा ना: 10व्या अध्यायात अश्शूर म्हणजे देवाच्या रागाची काठी, 45व्यात कोरेश देवाचा ‘अभिषिक्त’. म्हणजे परकं साम्राज्य कितीही माजलं तरी ते देवाच्या हातातलं हत्यार! एकदा मारायला, एकदा सोडवायला. हे काही नुसतं शिवून जोडलेलं वाटत नाही, नंतरच्यांनी आधीचं नीट मुरवून लिहिलंय.

आता पुरावा. 1947 मधे मृत समुद्राजवळ कुमरानच्या गुहेत यशयाची गुंडाळी सापडली, कातड्याची, सात मीटरहून लांब, साधारण इसपू दुसऱ्या शतकातली. तिच्यात 40वा अध्याय रकान्याच्या अगदी शेवटच्या ओळीवर सुरू होतो, मोठी मोकळी जागा वगैरे काही नाही. 2021 मधे नेदरलँड्सच्या ग्रोनिंगेन विद्यापीठातल्या टीमने कॉम्प्युटरकडून तिची अक्षरं तपासली, एकट्या ‘आलेफ’ या हिब्रू अक्षराचेच पाच हजारांवर नमुने, आणि निघालं की हात दोन आहेत. लगेच ‘दोन लेखक सापडले’ असं समजू नका हं, हे नक्कल करणारे लेखनिक, मूळ लिहिणाऱ्यांनंतर कित्येक पिढ्यांनी बसलेले. शिवाय हात बदलतो तो 39नंतर नाहीच, 54 रकान्यांपैकी 27व्याच्या आसपास, जिथे 33वा अध्याय संपतो आणि खाली तीन ओळी कोऱ्या सोडल्यात.