बॅलिस्टोकार्डिओग्राफ : प्रकार आणि तुलना

हृदयाच्या प्रत्येक ठोक्यासरशी सबंध शरीर डोक्या-पायांच्या दिशेने किंचित हलते. ही हालचाल टिपणारे उपकरण म्हणजे बॅलिस्टोकार्डिओग्राफ आणि तिचा आलेख म्हणजे बॅलिस्टोकार्डिओग्राम. हालचालीचे मूळ न्यूटनच्या तिसऱ्या नियमात आहे. नावेतून काठावर उडी मारली की नाव मागे सरते, तसे डाव्या जवनिकेने (हृदयाच्या खालच्या डाव्या कप्प्याने) सुमारे ७० मिलिलिटर रक्त महारोहिणीत, म्हणजे हृदयातून निघणाऱ्या मुख्य धमनीत, वर लोटले की शरीर पायांकडे रेटले जाते. ते रक्त महारोहिणीच्या कमानीतून वळून खाली उतरू लागले की शरीर डोक्याकडे सरकते. आलेखातील ‘आय’ आणि ‘जे’ या ठळक लाटा याच दोन हालचालींच्या.

१८७७ साली जे. डब्ल्यू. गॉर्डन यांना दिसले, की स्प्रिंगच्या वजनकाट्यावर माणूस स्तब्ध उभा राहिला तरी काटा नाडीच्या लयीत हलतो. १९०५ मध्ये यांडेल हेंडरसन यांनी टांगलेल्या टेबलावर माणसाला झोपवून ही हालचाल नोंदवली. पण हे तंत्र वैद्यकात आणले ते पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील आयझॅक स्टार यांनी, १९३९ साली.

या उपकरणांची तुलना करताना पहिला प्रश्न विचारायचा तो स्वाभाविक कंप्रतेचा, म्हणजे धक्का दिल्यावर टेबल स्वतःहून सेकंदाला किती वेळा झुलते याचा. हृदयाच्या ठोक्यातून येणारी बहुतेक उपयुक्त कंपने साधारण १ ते २० हर्ट्झच्या (सेकंदाला १ ते २० कंपनांच्या) पट्ट्यात असतात. टेबलाची स्वतःची कंप्रता या पट्ट्याच्या वर आहे, खाली आहे की मधोमध, यावर उपकरण नेमकी कोणती राशी मोजते हे ठरते.

स्टार यांचे टेबल ताठ स्प्रिंगला जोडलेले होते आणि त्याची कंप्रता दहा हर्ट्झच्या आसपास होती. असे टेबल जवळजवळ जागचे हलत नाही. त्याचे सूक्ष्म सरकणे हे त्यावर पडणाऱ्या बलाचे माप असते. अडचण टेबलात नव्हती, ती माणसात होती. शरीर म्हणजे एकसंध ठोकळा नव्हे. हाडांचा सांगाडा पाठीच्या मऊ ऊतींवर डोलतो आणि या डोलण्याची कंप्रता सुमारे ४ ते ५ हर्ट्झ, म्हणजे नेमकी हृदयाच्या पट्ट्यात पडते. त्यामुळे बल टेबलापर्यंत पोहोचेस्तोवर त्याचे रूप बदललेले असते.

निकर्सन आणि कर्टिस यांनी १९४४ मध्ये सुमारे १.५ हर्ट्झचे, भरपूर अवमंदन असलेले, म्हणजे ज्याचे झुलणे लगेच शमते असे, टेबल वापरले. ही कंप्रता पट्ट्याच्या कडेलाच येत असल्याने त्यावरच्या आलेखाला धड बल म्हणता येत नाही, धड विस्थापनही (जागेतला बदल) नाही. विल्यम डॉक यांची १९४९ ची पद्धत सर्वांत स्वस्त: साध्या टेबलावर झोपलेल्या रुग्णाच्या नडग्यांवर आडवी पट्टी ठेवायची आणि तिची हालचाल विद्युतचुंबकाने किंवा प्रकाशविद्युत घटाने टिपायची. स्वस्ताईमुळे ती झपाट्याने पसरली, पण तिच्यात शरीराचे ऊतींवरचे डोलणेच आलेखावर स्वार होते. या तंत्राच्या विश्वासार्हतेला सर्वाधिक धक्का अशा नोंदींच्या ढिगाने दिला, असे म्हणायला जागा आहे.

भौतिकीच्या कसोटीला सर्वांत नीट उतरली ती अतिमंद कंप्रतेची शय्या. नेदरलँड्समध्ये बर्गर आणि नूर्डरग्राफ यांनी १९५० च्या दशकात तिची गणिती बैठक घातली. लांब दोरांनी टांगलेली किंवा पाऱ्यावर तरंगणारी, शक्य तितकी हलकी शय्या ०.३ हर्ट्झच्या आसपास किंवा त्याहून मंद झुलते. हृदयाच्या कंपनांपुरते शरीर आणि शय्या मग जणू मोकळेच असतात, ऊतींचे डोलणे फारसे आड येत नाही, आणि रक्ताचे वस्तुमान एका दिशेला सरकले की शय्या उलट दिशेला सरकते. याच नोंदीतून वेग आणि त्वरणही काढता येते. मात्र श्वासाची लय शय्येच्या कंप्रतेच्या जवळ येते, त्यामुळे नोंद घेताना श्वास रोखावा लागतो, आणि अशी शय्या वॉर्डातल्या गंभीर रुग्णासाठी सोयीची नाही.

स्टार यांनी शवांच्या धमन्यांत रक्त जोराने सोडून ठोक्याची नक्कल करून पाहिली. त्यातून दिसले, की आलेखाची उंची दर ठोक्याला किती रक्त बाहेर पडते यापेक्षा ते किती झटक्याने बाहेर पडते याच्याशी अधिक जुळते. म्हणून या आलेखावरून रक्ताचे आकारमान काढण्याची आशा मागे पडली. पुढे प्रतिध्वनी हृदयालेखन (इकोकार्डिओग्राफी) रुळले आणि टेबले अडगळीत गेली.

अंतराळात टेबलाचा प्रश्नच मिटतो. वजनरहित अवस्थेत तरंगणाऱ्या शरीराची तिन्ही अक्षांतील त्वरणे थेट मिळतात. १९९३ च्या स्पेसलॅब डी-२ या अंतराळ मोहिमेत अशा नोंदी झाल्या.

सिस्मोकार्डिओग्राफी ही याच कुळातली, पण वेगळी. तिच्यात उरोस्थीवर (छातीच्या मधल्या हाडावर) ठेवलेला त्वरणमापक छातीच्या भिंतीची स्थानिक कंपने टिपतो. महारोहिणीची झडप उघडण्या-मिटण्याचा क्षण तिच्यात स्पष्ट दिसतो, मात्र सबंध शरीराला बसणारा धक्का तिच्यातून वाचता येत नाही. या दोन आलेखांतील लाटा एकमेकींच्या जागी ठेवू नयेत.

आजची उपकरणे म्हणजे बलसंवेदक बसवलेले वजनकाटे आणि गादीखालच्या पातळ पट्ट्या. बंगळुरूच्या डोझी कंपनीची पट्टी त्यांपैकीच. वजनकाट्यावर ज्ञात वजन ठेवून मापन तपासता येते, म्हणून ‘जे’ लाटेची उंची न्यूटनमध्ये सांगता येते, पण माणसाला निश्चल उभे राहावे लागते. गादीखालची पट्टी रात्रभर चालते. गादीची जाडी, झोपण्याची कूस आणि पट्टीची जागा यांनुसार तिच्यावरील लाटेची उंची बदलते. तिच्या आधारे हृदयगती, श्वसनगती आणि एकाच व्यक्तीतील फरक पाहावेत, दोन व्यक्तींच्या हृदयबलाची तुलना करू नये.