१७६६३१९०४९ (संख्या)

१,७६,६३,१९,०४९ (एक अब्ज शहात्तर कोटी त्रेसष्ट लाख एकोणीस हजार एकोणपन्नास) ही विषम, संयुक्त संख्या आहे. मूळ अवयव : ११ × ५९ × १५२३ × १७८७. तिची ख्याती मात्र ६१क्ष² + १ = य² या समीकरणामुळे. क्ष व य धन पूर्णांक हवेत, तर सर्वांत लहान उत्तर क्ष = २२,६१,५३,९८० आणि य = १,७६,६३,१९,०४९ असे येते. शेजारच्या ६० साठी ४ व ३१, तर ६२ साठी ८ व ६३ एवढ्यावर काम भागते. ६१ ला मात्र एकेक किंमत घालून पाहत बसणे व्यर्थ आहे.

भास्कराचार्यांनी ‘बीजगणिता’त (इ. स. ११५०) हे उदाहरण चक्रवाल रीतीने, म्हणजे तीच कृती चक्राप्रमाणे पुन्हा पुन्हा करत, सोडवले. युरोपात फ्रेंच गणिती फर्मा यांनी तेच ६१ चे कोडे १६५७ मध्ये घातले. चाळीसगाव तालुक्यातील पाटण (पाटणादेवी) येथील शिलालेखात भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी त्यांचा नातू चांगदेव याने मठ स्थापल्याची नोंद आहे. खानदेशाने हा वारसा अभिमानाने सांगावा, असाच आहे. पाटण म्हणजेच भास्कराचार्यांचे गाव विज्जलवीड का, याविषयी मतभेद आहेत.

रीत. ८² − ६१ × १² = ३. म्हणून कनिष्ठ मूळ (क्ष ची किंमत) १, ज्येष्ठ (य ची किंमत) ८, क्षेप (य² − ६१क्ष² ची किंमत; ती शेवटी १ हवी) ३. आता म असा घ्यायचा की म + ८ ला ३ ने भाग जावा आणि म² शक्य तितका ६१ च्या जवळ असावा. म = ८ जवळचा खरा, पण १६ ला ३ ने भाग जात नाही आणि अपूर्णांक शिरतात. म = १० घेतल्यास भाग जातो, पण क्षेप १३ होतो. म = ७ बरोबर बसतो :

कनिष्ठ (८ + ७) ÷ ३ = ५
ज्येष्ठ (८ × ७ + ६१) ÷ ३ = ३९
क्षेप (४९ − ६१) ÷ ३ = −४

क्षेप −४ आला की पुढे चक्र फिरवायची गरज नाही. ब्रह्मगुप्तांची भावना, म्हणजे दोन जोड्यांवरून तिसरी काढण्याची रीत, वापरावी : नवे कनिष्ठ = कनिष्ठ-ज्येष्ठांच्या तिरकस गुणाकारांची बेरीज, नवे ज्येष्ठ = ज्येष्ठांचा गुणाकार + ६१ × कनिष्ठांचा गुणाकार, नवा क्षेप = क्षेपांचा गुणाकार. मुळे निम्मी केली की ५/२, ३९/२, क्षेप −१. त्यांची स्वतःशी भावना : १९५/२, १५२३/२, क्षेप १. या दोन जोड्यांची भावना : ३८०५, २९७१८, क्षेप −१. मुळे पूर्णांक झाली म्हणून इथे थांबू नये, क्षेप अजून उणा आहे. आणखी एकदा स्वतःशी भावना केली की कनिष्ठ २ × २९७१८ × ३८०५ आणि ज्येष्ठ २ × २९७१८² + १, म्हणजेच ही संख्या.

पडताळा. य² हा १९ अंकी आहे : ३११९८८२९८२८६०२६४४०१. स्प्रेडशीट १५ सार्थ अंकच राखते, त्यामुळे य² − ६१क्ष² चे उत्तर १ ऐवजी ० दाखवते. त्यापेक्षा संख्येचे दोन्ही शेजारी तपासावेत :

य − १ = २ × २९७१८²
य + १ = २ × ६१ × ३८०५²

यांचा गुणाकार य² − १. उजवीकडे तोच ६१ × (२ × २९७१८ × ३८०५)², म्हणजे ६१क्ष². २९७१८² = ८८,३१,५९,५२४ आणि ३८०५² = १,४४,७८,०२५ एवढे दोन वर्ग कागदावर केले की पुरते.