रेकॉर्डर नखाएवढा का होत नाही?

१९८७मध्ये सोनीने डिजिटल ऑडिओ टेप, म्हणजे डॅट, बाजारात आणली. तिच्या यंत्रात ३० मिमी व्यासाचा ड्रम मिनिटाला २,००० फेरे घेई आणि जेमतेम ३.८१ मिमी रुंदीच्या टेपवर तिरक्या रेषांत नोंद होई. मोटर, ड्रम, टेप ओढणारे रूळ एवढा पसारा असल्यावर यंत्र लहान होणार तरी किती? त्यात ड्रमवर बाष्प धरले की टेप चिकटायची. १९९२च्या मिनीडिस्कची चकती ६४ मिमीची होती, पण तिच्यात ७४ मिनिटे बसवायला डेटा सुमारे एक-पंचमांशावर आणावा लागला. फिरणारे भाग गेले ते फ्लॅश मेमरीमुळे, म्हणजे चिपवर डेटा साठवण्यामुळे. मायक्रोएसडी कार्ड १५ × ११ × १ मिमीचे. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट स्टिरिओ दर्जाच्या रेकॉर्डिंगला तासाला साधारण १ जीबी लागते, म्हणजे ३२ जीबीत तीस तास. साठवणीचा प्रश्न मिटला.

अडते ते मायक्रोफोनपाशी. पडदा लहान केला की त्यावर पडणारी ध्वनीची ऊर्जा घटते. हवेच्या रेणूंच्या माऱ्याची आणि अँप्लिफायरची खरखर मात्र त्या प्रमाणात घटत नाही. सिलिकॉनवर कोरलेल्या मेम्स मायक्रोफोनचे सिग्नल-नॉइज गुणोत्तर, म्हणजे हवा असलेला आवाज खरखरीपेक्षा किती मोठा ते, साधारण ६५ डेसिबल असते. ते ९४ डेसिबलच्या आवाजाशी तुलना करून काढतात, म्हणजे मायक्रोफोनची स्वतःची खरखर २९ डेसिबलची झाली. इंचभर पडद्याच्या चांगल्या स्टुडिओ मायक्रोफोनमध्ये ती १०च्याही खाली जाते. मुलाखतीला मेम्स पुरतो. पहाटेच्या रानात त्याची खरखरच आधी ऐकू येते.

दाटीवाटीचा दुसरा त्रास कार्डाचा. कार्ड सलग वीज ओढत नाही. लिहिताना झटक्याझटक्याने ओढते. मायक्रोफोनचा सिग्नल मिलिव्होल्टमधला आणि ग्राउंड, म्हणजे विजेचा परतीचा मार्ग, दोघांचा एकच, त्यामुळे ठरावीक अंतराने टकटक नोंदली जाते. तपासायचे असेल तर शांत खोलीत गेन, म्हणजे सिग्नल किती पट मोठा करायचा ते, वाढवून दोन मिनिटे रेकॉर्ड करा आणि हेडफोनने ऐका. कार्ड बदलल्यावर टकटकीची लय बदलली, तर दोष तिथेच आहे.

बॅटरीला पळवाट नाही. डबल-एऐवजी ट्रिपल-ए अल्कलाइन सेल घातला की क्षमता निम्म्याहून कमी होते. आणि तो मध्येच संपला तर आणखी एक घोळ: ध्वनी ज्यात साठतो त्या वेव्ह फाइलच्या सुरुवातीला, म्हणजे हेडरमध्ये, तिची लांबी लिहिलेली असते, पण बरेच रेकॉर्डर ती रेकॉर्डिंग थांबवताना भरतात. मग फाइल शून्य लांबीची दिसते. ध्वनी बहुधा कार्डावर असतोच. अशा कार्डावर पुन्हा काही लिहू नका, ते फॉरमॅटही करू नका. आधी त्याची पूर्ण प्रत काढा आणि हेडर दुरुस्त करणारे सॉफ्टवेअर त्या प्रतीवर चालवा.