मॉर्गनची चासी लाकडाची? नाही हो!

जुन्या गाड्यांचा विषय निघाला की कुणीतरी हमखास सांगतं, "त्या इंग्लिश मॉर्गन स्पोर्ट्स कारची चासी, म्हणजे सगळी गाडी जिच्यावर उभी असते ती खालची चौकट, लाकडी असते." नसते. १९३६ साली आलेल्या पहिल्या चारचाकी मॉर्गनपासून चासी पोलादीच. २००० सालच्या एरो ८ या मॉडेलला ती ॲल्युमिनियमची मिळाली. इंजिन, चाकं, स्प्रिंगा यांचा भार धातूवर असतो. लाकूड आहे ते चासीच्या वर: बॉडीचा सांगाडा. ॲश नावाच्या झाडाच्या लाकडाचा, आणि त्यावर ठोकलेला पत्रा. जुन्या गाड्यांत पायाखालच्या फळ्याही लाकडीच. गैरसमज तिथूनच रुजला असावा.

घरी दुरुस्ती करणाऱ्याला हा फरक महागात पडू शकतो. सांगाडा नवा केला म्हणजे गाडी धडधाकट झाली, असं नाही. बॉडी उतरवल्यावर चासी गंजली आहे का, ते आधी तपासायचं. नंतर टोच्याने लाकूड टोचत जायचं. दाराच्या बिजागरीचा खांब आणि खालच्या आडव्या पट्ट्या, पाणी साचतं तिथे टोच्या लोण्यात शिरावा तसा आत जातो. मागच्या चाकावरची कमान मात्र एका ओंडक्यातून कोरलेली नसते. तीन पातळ थर सरस लावून साच्यात आवळलेले असतात, तेव्हा तीही तशीच करायची.

"मग सागवान का नाही?" हा आपल्याकडचा ठरलेला प्रश्न. सागवान सहजी कुजत नाही, कबूल. पण ॲश चिवट, लवचिक, धक्के सोसणारं. क्रिकेटच्या स्टंपा उगाच त्याच्या करत नाहीत. आणि दुरुस्तीसाठी दारं काढण्याआधी दार आणि बॉडी यांच्यातल्या फटी मोजून लिहून ठेवा. नंतर अंदाजाने दार बसत नाही.