ब्राउझर सुसंगतता

ब्राउझर सुसंगतता : एकच संकेतस्थळ कोणत्याही ब्राउझरवर आणि विंडोज, मॅक, लिनक्स, अँड्रॉइड, आयओएस यांपैकी कोणत्याही कार्यप्रणालीवर नीट वाचता व वापरता यावे, यासाठी केली जाणारी रचना, चाचणी व दुरुस्ती. या धंद्यातले लोक तिला नुसते ‘क्रॉस ब्राउझर’ म्हणतात आणि तक्रार ‘क्रोमला चालतंय, आयफोनला फुटतंय’ अशा शब्दांत करतात.

वेबपान चित्रासारखे तयार होऊन येत नाही. सर्व्हरकडून येतो मजकूर आणि तो कसा मांडायचा याच्या सूचना. मांडणी ब्राउझरमधले इंजिन करते. आज मुख्य इंजिने तीन : क्रोम, एज व ऑपेरामधले ब्लिंक, सफारीतले वेबकिट आणि फायरफॉक्समधले गेको. अक्षरांचे आकार, म्हणजे फॉन्ट, मात्र बहुधा कार्यप्रणाली पुरवते. विंडोजवर निर्मला यूआय, अँड्रॉइडवर नोटो, ॲपलच्या यंत्रांवर कोहिनूर देवनागरी. प्रत्येकाची रुंदी आणि मात्रांची उंची निराळी, त्यामुळे एकाकडे एका ओळीत बसलेले शीर्षक दुसऱ्याकडे दोन ओळींत जाते. दोन फोन शेजारी ठेवून ‘हुबेहूब पाहिजे’ म्हणणारे गिऱ्हाईक सांगलीतही भेटते. त्या हट्टापायी गेलेला वेळ वाया जातो, असेच म्हणावे लागेल.

या त्रासाचे मूळ १९९० च्या दशकात आहे. १९९४ मध्ये नेटस्केप नॅव्हिगेटर आला, १९९५ मध्ये इंटरनेट एक्सप्लोरर, आणि दोघेही आपापल्या मर्जीने नव्या सूचना घुसडू लागले. वेबची प्रमाणे, म्हणजे सर्वांनी पाळायचे नियम, ठरवणारी डब्ल्यूथ्रीसी ही संस्था १९९४ मध्येच स्थापन झाली होती, पानाची मांडणी, रंग, मापे सांगणाऱ्या सीएसएस या भाषेची पहिली आवृत्ती डिसेंबर १९९६ मध्ये आली. पण प्रमाण लिहिणे वेगळे आणि पाळणे वेगळे. चौकटीच्या रुंदीचा गोंधळ त्यातला नामांकित. समजा, मार्केट यार्डातल्या एका अडत दुकानाच्या पानावर हळद, बेदाणा आणि गूळ यांच्या दरांच्या तीन चौकटी शेजारी शेजारी आहेत. प्रत्येकीची रुंदी ३०० पिक्सेल, आतली मोकळी जागा दोन्ही बाजूंना २०, कडा ५. प्रमाणाप्रमाणे जागा आणि कडा रुंदीबाहेर धरायच्या, म्हणजे एक चौकट ३५० पिक्सेल. एक्सप्लोरर ५ त्या रुंदीतच धरी, म्हणजे ३००. पान १,००० पिक्सेलचे असेल तर एक्सप्लोररवर तिन्ही चौकटी ऐसपैस बसत. प्रमाण पाळणाऱ्या ब्राउझरवर बेरीज १,०५० होई आणि गूळ खालच्या ओळीत घसरे. २००१ च्या सहाव्या आवृत्तीने हे सुधारले, तेही पानाच्या डोक्यावर योग्य प्रकार-घोषणा (पान कोणत्या प्रमाणाने लिहिले आहे हे सांगणारी ओळ) असेल तरच. एक्सप्लोरर अखेर १५ जून २०२२ रोजी निवृत्त झाला.

मराठी पानांचे हाल याहून जास्त झाले. युनिकोड, म्हणजे सर्व लिप्यांच्या अक्षरांना ठरावीक क्रमांक देणारी पद्धत, रुळण्यापूर्वी मराठी मजकूर रोमन अक्षरांच्या जागी देवनागरी आकार बसवलेल्या फॉन्टांत लिहिला जाई. फॉन्ट पानाबरोबर पाठवण्याची मायक्रोसॉफ्टची ईओटी पद्धत फक्त एक्सप्लोररला कळे. इतरांना ‘हळद’च्या जागी रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा काला दिसे. युनिकोडने तो प्रश्न सोडवला, काही बारीक काटे ठेवून. ‘ॲ’ हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आले. त्याआधीच्या सवयीने अ आणि चंद्र वेगवेगळे टंकले, तर काही ठिकाणी चंद्राखाली ठिपक्यांचे वर्तुळ उमटते. ‘ॲ’ हे एकसंध अक्षर टंकले, पण फोनचा फॉन्ट जुना असेल, तर नुसता रिकामा चौकोन.

सांगली-साताऱ्याकडच्या पत्त्यांत हटकून येणारे ‘कऱ्हाड’ पाहा. त्यातला ‘ऱ्ह’ दोन प्रकारे लिहिता येतो : ऱ, हलन्त, ह किंवा र, हलन्त, न दिसणारे जोडचिन्ह, ह. पडद्यावर दोन्ही सारखेच. संगणकाला मात्र ते दोन वेगळे शब्द, आणि पानावरच्या शोधपेटीत एकाने टंकलेले गाव दुसऱ्याने भरलेल्या यादीत सापडत नाही. उपाय साधा : साठवण्याआधी दोन्ही रूपे एकाच रूपात आणायची. पानाची भाषा मराठी असल्याचे सांगणारी खूणही घालावी. फॉन्टमध्ये सोय असेल तर ल आणि श यांची मराठी वळणे मिळतात.

आकड्यांतही फसगत होते. ‘मराठी, भारत’ असा स्थळसंकेत (भाषा व देश सांगणारी खूण) देऊन संख्या छापली की ‘१२,५००’ असे देवनागरी अंक येतात. ते वाचायला उत्तम. पण तोच छापील मजकूर परत घेऊन जावास्क्रिप्ट या ब्राउझरमध्ये चालणाऱ्या प्रोग्रॅमच्या भाषेने क्विंटलचा हिशेब मांडला, तर उत्तर ‘ही संख्या नाही’ असे येते. तारीख आणि वेळ यांच्यामध्ये टी अक्षराऐवजी मोकळी जागा सोडलेली नोंद क्रोम निमूट स्वीकारी, तर जुना सफारी तिला अवैध ठरवी. कार्यप्रणालीचा आणखी एक हिसका फाइलींच्या नावांत बसतो. रोमन लिपीत नाव देताना पहिले अक्षर कॅपिटल की स्मॉल, हा फरक विंडोज सहसा मानत नाही, लिनक्स मानतो. दुकानातल्या संगणकावर दिसणारा हळदीचा फोटो सर्व्हरवर चढवताच गायब होतो, तो यामुळे.

आयफोनवर क्रोम उतरवून चाचणी झाली असे मानणे ही सर्वांत नेहमीची चूक. ॲपलच्या नियमामुळे तिथले ब्राउझर आतून वेबकिटच वापरतात. युरोपीय संघात २०२४ पासून यातून सूट आहे, सांगलीच्या फोनला ती लागू नाही. समोरचा ब्राउझर कोणता हे त्याच्या ओळखीवरून ताडण्याची युक्तीही कुचकामी आहे, कारण क्रोम, सफारी, एज सगळेच आपली ओळख ‘मोझिला’ या शब्दाने सुरू करतात. हवी ती सोय ब्राउझरमध्ये आहे का, हे तपासून पुढे जाणे बरे. २०२२ पासून ब्राउझर बनवणाऱ्या कंपन्या ‘इंटरऑप’ नावाच्या उपक्रमात ठरलेल्या सोयी सर्वत्र सारख्या चालाव्यात म्हणून एकत्र काम करतात, त्यामुळे जुने घोळ बरेच निवळले आहेत.

तरीही पावसाळ्यात कृष्णेची पातळी दाखवणारे पान करताना जुना शिरस्ताच उपयोगी पडतो. सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ ४० फुटांना इशारा आणि ४५ फुटांना धोका. तो आकडा आणि त्याची वेळ साध्या एचटीएमएल मजकुरात, म्हणजे स्क्रिप्टशिवायही दिसेल अशा रूपात, आधी लिहायची. आलेख, नकाशा, रंग बदलणारी पट्टी हे सगळे त्यानंतर, स्क्रिप्ट चालली तर.