थॅलेसेमियाची मुलं आणि त्यांच्या आया : पार्श्वभूमी

थॅलेसेमिया हा आईबापांकडून येणारा रक्ताचा आजार; त्यात शरीर पुरेसं रक्त बनवत नाही, म्हणून मुलाला जन्मभर पुन्हा पुन्हा रक्त चढवावं लागतं. मुंबईत त्याचा इतिहास सांगताना औषधांचा क्रम सांगतात. रात्र जागणारी आई त्यात येत नाही.

फाळणीनंतर कल्याणजवळच्या छावण्यांत सिंधी कुटुंबं उतरली; १९४९ मध्ये त्या वसाहतीचं उल्हासनगर झालं. सिंधी, लोहाणा, पंजाबी समाजांत वाहक, म्हणजे स्वतः आजारी नसूनही हा दोष मुलांना देऊ शकणारे, जास्त, म्हणून ‘हा त्यांचा आजार’ हा समज रुळला. वाहक मराठी घरांतही आहेत.

आईवरचा खरा भार वाढला तो १९८०च्या दशकात, पंपामुळे. सारखं रक्त चढवून शरीरात साठणारं लोह बाहेर काढायला इंजेक्शन होतं, पण ते रात्रभर हळूहळू द्यावं लागे. जेवणं आटोपली की आई बाटलीतली पावडर पाण्यात विरघळवायची, सिरिंज पंपात बसवायची आणि मुलाच्या पोटावर कातडीखाली बारीक सुई टोचायची. आठ-दहा तास, आठवड्यातून पाच-सहा रात्री. काल टोचलं तिथे गाठ आली असेल तर आज दुसरी बाजू. मध्यरात्री उठून सुई जागेवर आहे ना, हे चाचपायचं. पंप महाग होता. ज्यांना तो परवडला नाही, त्यांची कितीतरी मुलं हृदयात लोह साठून गेली. १९९०च्या दशकाच्या मध्यावर लोह काढणारी गोळी जगात सर्वांत आधी भारतात विक्रीला आली. सुई सुटली, पण गोळीने पांढऱ्या पेशी घटू शकतात, म्हणून मुलाला रक्त तपासायला नेण्याचं काम वाढलं. तेही आईकडेच.

सगळ्यांत जास्त घात केला तो ‘मायनर’ या शब्दाने. मायनर म्हणजे नुसता वाहक; त्याला रक्त चढवावं लागत नाही. घरात मात्र त्याचा अर्थ ‘थोडासा आजार’ असा घेतात. त्यातून गरोदरपणात तपासणी आधी बाईची होते, ती वाहक निघाली तरच नवऱ्याला बोलावतात. खर्च वाचतो हे खरं, पण पहिला कागद तिच्या नावाचा निघतो आणि सासरी ‘हिच्याकडूनच आलं’ हे कायमचं ठरून जातं. मेजर, म्हणजे रक्त चढवावंच लागणारं, मूल व्हायला आईबाप दोघंही वाहक असावे लागतात, आणि तेव्हाही शक्यता दर खेपेला २५ टक्के. शिवाय गर्भाची तपासणी दहाव्या-बाराव्या आठवड्यापासून करता येते. नवऱ्याची वाट पाहण्यात तेच आठवडे जातात. दोघांचं रक्त एकाच दिवशी घ्यायला हवं होतं, खर्च वाढला असता तरी.

२०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात थॅलेसेमिया, हिमोफिलिया आणि सिकलसेल हे रक्ताचे आजार आले. त्यात काळजीवाहू भत्त्याचीही तरतूद आहे, पण ती जास्त आधार लागणाऱ्यांसाठी. काल रक्त चढवून आज शाळेत गेलेलं मूल त्यात सहजी बसत नाही, आणि महिन्यातून दोन-तीन दिवस बुडालेली आईची मजुरी तशीच राहते.

आधार मिळाला तो डे-केअरच्या, म्हणजे दिवसभरात रक्त चढवून घरी सोडणाऱ्या रुग्णालयातल्या विभागाच्या, बाकावर. आदल्या दिवशी रक्त जुळवायला नमुना, दुसऱ्या दिवशी पहाटेच्या लोकलने पुन्हा परळ किंवा शीवचं रुग्णालय, तेव्हा एकीने दुसरीचं मूल धरलं, नंबर लावला. मे महिन्यात कॉलेजं बंद असतात, रक्तदान शिबिरं थांबतात. तेव्हा कुठल्या रक्तपेढीत कोणत्या गटाची पिशवी आहे, ते आजही या आयाच एकमेकींना व्हॉट्सॲपवर कळवतात.